खाचा

सकाळी सातला गाडी माझी,
संध्याकाळी सातला त्याची.
मधल्या वेळात चावी असते
डुलमा पहारेकरणीच्या कोटात, तिच्या उबेला.
त्याला मी दोनदाच पाहिलंय, तेही पाठमोरं,
पण त्याचे पाय किती लांब आहेत
हे मला त्याच्या बायकोइतकंच ठाऊक आहे:
चार खाचा.

रोज तेच. सीटखालचा दांडा ओढायचा,
बूड उचलून पुढे सरकायचं,
एक, दोन, तीन, चार, खट्.
मग पाठ ताठ करायची. तो रेलून बसतो,
रात्री गिऱ्हाईक कमी, पाठीला वेळ जास्त.
मग आरसा. आरशात आधी दिसतं गाडीचंच छत,
खाली ओढला की बर्फ, धूर, उलानबातर.

गाडी जपानहून म्हातारी होऊन आली.
स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ताही उजवीकडचा,
त्यामुळे पुढे काढायची तर
शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारायचं, येतंय का कोणी?
चालू केली की एक बाई जपानीत काहीतरी सांगते.
सात वर्षं सांगतेय. आम्ही बरं म्हणतो.
बटणांवरची अक्षरं आम्ही बोटांनी वाचली:
हे काच पुसतं, हे सीट तापवतं,
हे काय करतं कुणास ठाऊक, दाबू नये.

दिव्यांचं मात्र वाकडं.
तिकडे गाड्या डावीकडून चालतात,
म्हणून हिची नजर डावीकडे वर उचललेली,
आणि आमच्याकडे तिथूनच समोरचा येतो.
सकाळच्या काळोखात जो तो
माझ्यावर दिवे मिचकावून शिव्या द्यायचा.
मग एकदा दिव्याच्या काचेवर
काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दिसला,
दोन बोटांएवढा, नेमका जिथे हवा तिथे.
त्यानंतर कुणी मिचकावलं नाही.
मी आभार मानले नाहीत.
कुणाचे मानायचे, सीटचे?

उणे अडतीसला हवासुद्धा अंग चोरून बसते.
तो पहाटे चारला थांबतो. सातपर्यंत टायर
टेकलेल्या जागी चपटे होऊन गोठतात,
पहिला किलोमीटर गाडी लंगड्या घोड्यासारखी
धडक, धडक, धडक.
दामटायची नाही. घोड्यालाही
गार अंगाने पळवू नये, मामा म्हणायचा.
रविवारी मी आगकाडी घेऊन चाकाशी बसते:
टायरच्या खाचेत डोकं बुडलं तर ठीक,
तांबडं वर राहिलं तर मालकाला फोन,
आणि मालक म्हणतो, बघू.

मागच्या मंगळवारी बसले, हात दांड्याकडे गेला,
तर सीट पुढेच.
पाय थेट ब्रेकवर. आरशात छत नाही.
म्हणजे रात्री आलाच नाही? आजारी? की प्यायला?
आकडा पाहिला: दोनशे बारा किलोमीटर वाढलेले.
खाली उतरले. चारी चाकांत हवा सारखी.
डिकीतल्या जादा चाकातसुद्धा,
ज्याला मी वर्षभर हात लावला नव्हता.
मागचा उजवा, तो तांबड्या काडीचा,
आता पुढे नव्हता, मागे नव्हता, कुठेच नव्हता.
त्या जागी दुसरा, वापरलेला, पण काडी गिळणारा.

डुलमा म्हणाली, लुव्सानदोर्ज गेला.
दक्षिणेला, कोळशाच्या ट्रकांवर. पगार दुप्पट.
मी विचारलं, काही निरोप?
ती म्हणाली, नाही गं, घाईत होता.
मी म्हटलं, बरं.

दिवसभर चालवली.
पावणेसातला फाटकाशी लावली, दिवे मालवले,
आणि उतरताना हात आपोआप खाली गेला:
खट्, खट्, खट्, खट्.

नवा पोरगा आला. माझ्या खांद्याला लागेल एवढा.
आत बसला, पाय कशालाच पोचेनात.
काच खाली करून म्हणाला,
ताई, ही सीट कुणासाठी अशी?

दांडा खाली आहे, मी म्हटलं,
ओढ. तुझ्या सहा होतील.